गुलमर्गला बर्फ पडला का वं?

हा भाग मी जळगावात, आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून रेकॉर्ड केलाय. मधे कुत्रं भुंकतं, एकदा भाजीवाला ओरडतो, तेवढं चालवून घ्या. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलले तसंच ठेवलंय, थोडं झाडून-पुसून.

आजचा विषय बर्फ. हसू नका. मला माहितीये, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो त्या गावातली मुलगी बर्फावर काय बोलणार! पण खरं सांगू का, बर्फाचं वेड आपल्यालाच जास्त. दुपारी कूलरसमोर बसून स्कीइंगचे रील्स बघणारी जी जमात असते ना, त्यातली मी. कॉलेजात असताना माझ्या मोबाइलच्या वॉलपेपरवर अफरवतचं शिखर होतं. मैत्रिणी म्हणायच्या, हे कुठलं, तोरणमाळ का? तोरणमाळवर पण येणारे, थांबा.

तर जानेवारी २०२४. दोन वर्षं पगारातले पैसे बाजूला काढून मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स लावला. झेलम एक्स्प्रेसनं निघालो. भुसावळ सोडलं की जम्मूपर्यंत नुसतं लोळायचं आणि केळीचे वेफर्स खायचे. आजीनं दोन स्वेटर दिले होते, एक अंगावर, एक पिशवीत. मामा रावेरहून स्टेशनवर भेटायला आला होता. मामाचे पंधरा-सोळा हजार खोड केळी आहे. तो म्हणाला, "जाय, पाहून ये. आमच्या वाटची थंडी बी तिकडंच ठेवून ये." मी हसले. तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता.

तंगमर्गला पोचलो. गुलमर्गच्या खाली हे गाव आहे, इथं गाडीच्या चाकांना साखळ्या लावतात, लांब कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. आमच्या ड्रायव्हरनं साखळ्या डिकीतून काढल्याच नाहीत. गरजच नव्हती. वर गेलो तर समोर काय, तर गवत. वाळलेलं, पिवळट-तपकिरी गवत. आपल्याकडं कापणी झाल्यावर माळ दिसतो ना, तस्सं. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान' असतो, म्हणजे वर्षातली सगळ्यात कडक थंडी. त्या चाळीस दिवसांच्या ऐन मध्यावर आम्ही तिथं होतो आणि लोक पठारावर गवतात बसून ऊन खात होते. रात्री थंडी होती, भरपूर होती, खोटं कशाला बोलू. पण पाऊस नाही, ढग नाही, तर बर्फ येणार कुठून?

ज्यांच्याकडं कोर्स लावला होता त्यांनी पैसे परत द्यायला नकार दिला. म्हणाले, आपण 'ड्राय ट्रेनिंग' करू. म्हणजे काय? तर गवतावर स्कीचे ते जड प्लास्टिकचे बूट घालून उभं राहायचं, गुडघे वाकवायचे आणि पायांची पुढची टोकं जवळ आणायची. याला स्कीइंगमध्ये 'पिझ्झा' म्हणतात, कारण पायांचा आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा होतो. ब्रेक लावायची ही पहिली पद्धत. तर आम्ही दोघी जळगावच्या मुली, काश्मीरमध्ये गवतावर पिझ्झा करतोय आणि शेजारी एक घोडा चरतोय. व्हिडिओ आहे माझ्याकडं. टाकणार नाही.

संक्रांत तिथंच झाली. आजीनं तिळाचे लाडू दिले होते ते आम्ही तिथल्या स्लेजवाल्यांना वाटले. हे लोक लाकडी फळीवर पर्यटकांना बसवून बर्फावरून ओढत नेतात. बर्फ नाही तर फळी ओढणार कशावर? दहा-बारा जण फळ्या उभ्या करून भिंतीला टेकून बसलेले. त्यातल्या एका काकांना मी विचारलं, असं आधी कधी झालं होतं का? ते म्हणाले, उशीर व्हायचा, पण जानेवारी असा कोरडा गेलेला आठवत नाही. मग त्यांनी मलाच विचारलं, तुमच्या गावात काय पिकतं? मी म्हटलं केळी, कापूस, गहू. ते म्हणाले, मग तुम्हाला बर्फाचं काय एवढं?

मला उत्तर देता आलं नाही. आज हा भाग करतेय तो त्या प्रश्नामुळं.

आता थोडं शास्त्र. पळू नका, दोनच मिनिटं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वाऱ्यांच्या लाटा निघतात. इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या हिमालयाला येऊन धडकतात. बातम्यांमध्ये 'पश्चिमी झंजावात' किंवा 'वेस्टर्न डिस्टर्बन्स' ऐकता ना, ते हेच. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडचा हिवाळ्यातला बर्फ मुख्यतः यांचाच. एक झंजावात आला, बर्फ टाकून पुढं गेला, की त्याच्या मागं आकाश स्वच्छ होतं आणि उत्तरेचा कोरडा, गार वारा खाली सुटतो. राजस्थान, मध्य प्रदेश करत तो आपल्याकडं येतो. मधे सातपुडा आहे, पण तो त्याला पुरता अडवत नाही. आकाश निरभ्र, हवा कोरडी, म्हणजे रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. धुळ्याचा पारा महाराष्ट्रात सगळ्यात खाली, अशी बातमी दर हिवाळ्यात येते की नाही? ते धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या केंद्राचे आकडे असतात. म्हणजे काय, गुलमर्गचा बर्फ आणि धुळ्याची थंडी ही एकाच दारातून आत येतात. आपले म्हातारे लोक "तिकडं बर्फ पडला" म्हणून गोधडी काढतात, ते अगदी बरोबर करतात.

आणि जानेवारी २०२४ मध्ये ते दारच नीट उघडलं नव्हतं. एल निनोचं वर्ष होतं, जोरदार झंजावात आलेच नाहीत. आम्ही परत आलो आणि महिन्याच्या शेवटी बर्फ पडला. हो, आम्ही आल्यावर. फेब्रुवारीत तिथं खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पण झाल्या. मी जळगावात बसून बघितल्या, वेफर्स खात.

आता मामाकडं येऊ. मी गुलमर्गहून रडकुंडीला येऊन फोन केला होता, मामा, इथं बर्फच नाही. मामा काय म्हणाला असेल? "बरं झालं ना वं! इकडं बी थंडी नाही. निसवण चांगली चाललीये."

मला इतका राग आला! माझे दोन वर्षांचे पैसे गेले आणि हा खूश.

पण मग घरी आल्यावर रावेरला गेले, तेव्हा त्यानं बागेत फिरवून दाखवलं. केळी हे गरम हवेचं झाड. रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरायला लागला की वाढ थांबते, नवीन पान यायला उशीर होतो, आणि घड बाहेर पडायच्या वेळी, म्हणजे निसवणीच्या वेळी, थंडी आली तर तो झाडाच्या गळ्यातच अडकतो. फळ मोठं झालेलं असलं तर सालीवर चरका बसतो. अशी केळी पिकवली तरी पिवळीधमक होत नाही, राखाडी, मळकट दिसते. आत चव तीच, पण व्यापारी बघतो साल. फळपीक विम्यात सुद्धा केळीसाठी कमी तापमानाची अट आहे, सलग तीन दिवस ८ अंश किंवा खाली. मामा हे आकडे तोंडपाठ म्हणतो, आपण पासवर्ड म्हणतो तसे. थंडीच्या लाटेत तो पहाटे तीनला उठून बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो, विहिरीचं कोमट पाणी सोडतो, घडांना पिशव्या घालतो. मी ज्या हवेसाठी दीड-दोन हजार किलोमीटर गेले, ती हवा दारात येऊ नये म्हणून माझा मामा रात्रभर जागतो. हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. रावेरच्या भाचीला.

मग सरळ हिशोब झाला ना? हिवाळा गरम, स्कीवाले रडले, केळीवाले हसले. मला पण तसंच वाटलं होतं. पण आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आईकडचे रावेरचे, केळीवाले. वडिलांकडचे धुळे जिल्ह्यातले, साक्रीकडचे. तिथं काकाचा गहू, हरभरा आणि थोडी दादर असते. दादर म्हणजे आपली रब्बी ज्वारी, बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते. ही पिकं थंडीवर जगतात. गव्हाला फुटवे फुटायला थंडी लागते आणि दाणा भरताना तर लागतेच. फेब्रुवारीत एकदम ऊन तापलं की गहू घाईनं पिकतो आणि दाणा बारीक राहतो, सुरकुतलेला. हरभरा तर नुसत्या दवावर उभा राहतो असं काका म्हणतो. २०२२ आठवतं? त्या वर्षीचा मार्च देशात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च होता. उत्तरेत गव्हाचं पीक घटलं आणि मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली.

तेव्हा घरात जेवताना थंडीचा विषय निघाला की मजा असते. आई म्हणते, नको बाई थंडी, भावाची केळी जाईल. वडील गप्प. आजी, जी साक्रीकडची, ती म्हणते, "पहिला सारखी थंडी आते नही ऱ्हायनी वं माय." तिच्या आवाजात तक्रार असते की आठवण, ते मला अजून कळलेलं नाही.

बरं, 'गरम हिवाळा' म्हणजे थंडी पडतच नाही, असं नाहीये. इथं आपण सगळे फसतो. २०२४-२५ चा हिवाळा घ्या. डिसेंबरच्या मध्यावर धुळ्याचा पारा ४ अंशांच्या आसपास गेला होता. चार! माझ्या स्टेटसला सगळे शेकोट्यांचे फोटो. आणि त्याच हिवाळ्यातला फेब्रुवारी? सरासरी तापमान बघितलं तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम फेब्रुवारी. दोन महिन्यांत इकडून तिकडं. म्हणजे मामाला डिसेंबरमध्ये चरक्याची धास्ती आणि काकाला फेब्रुवारीत दाणा भरायची. पूर्वी दोघांपैकी एक तरी वर्षभर खूश असायचा.

आणि गुलमर्ग? त्याच फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या स्पर्धा २२ तारखेपासून होत्या. पुरेसा बर्फच नाही म्हणून पुढं ढकलल्या. मग बर्फ पडला आणि ९ ते १२ मार्चला झाल्या. मार्चमध्ये! ज्या मुलांनी वर्षभर तयारी केली, ती मुलं हॉटेलात बसून आकाशाकडं बघतायत, हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. आपल्या पोरांचं पोलीस भरतीचं ग्राउंड पुढं ढकललं की काय होतं, माहितीये ना? तसंच.

स्कीइंगला नुसता बर्फ पुरत नाही, हे पण तिथंच कळलं. खाली जुना, दाबून बसलेला थर लागतो, नाहीतर दगड आणि झुडपं वर येतात. गुलमर्गचं जगभर नाव आहे ते कोरड्या, भुकटीसारख्या बर्फासाठी, आणि तो कडक थंडीतच टिकतो. दिवसा ऊब वाढली की बर्फ ओला होतो, चिकट, गोळ्यासारखा. रात्री परत गोठला की काच.

मशीननं बर्फ करता येत नाही का? करतात. बीजिंगचं २०२२ चं हिवाळी ऑलिम्पिक जवळपास सगळंच मशीनच्या बर्फावर झालं. तिथं भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, याच गुलमर्ग-तंगमर्गच्या भागातला. पण मशीन म्हणजे काय, पाण्याचे बारीक थेंब गार हवेत उडवायचे, खाली येईपर्यंत ते गोठतात. हवाच शून्याच्या खाली नसेल तर ती मशीन म्हणजे आपलं तुषार सिंचन. युरोपात पण हेच चाललंय. २०२३ च्या नवीन वर्षाला आल्प्समधले फोटो आले होते, हिरव्यागार उतारावर मधोमध पांढरा पट्टा, आणि त्या पट्ट्यावरून रांगेत लोक घसरतायत. पैसा आहे म्हणून पट्टा तरी आहे. आमच्या स्लेजवाल्या काकांकडं फळी होती फक्त.

आता तोरणमाळ. प्रॉमिस केलं होतं. नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता, तेव्हा तोरणमाळ आपलंच. तिथं आणि अक्कलकुव्याच्या डाबकडं, सातपुड्याच्या वरच्या पाड्यांवर, कडक थंडीत पहाटे गवतावरचं दव गोठतं. जीपच्या टपावर, पेंढ्याच्या गंजीवर पांढरा थर. लगेच रील: 'महाराष्ट्राचं काश्मीर'. तो बर्फ पडलेला नसतो, गोठलेलं दव असतं. हवेचं तापमान दोन-तीन अंश असलं तरी गवताचं पातं आकाशाकडं उष्णता सोडून शून्याखाली जातं. मी एकदा हे बघायला गेलेय, मित्रांच्या बाइकवर, रात्री दोनला निघून. काही मिळालं नाही. ढगाळ होतं. ढग असला की तो गोधडीसारखं काम करतो, खालची ऊब वर जात नाही. चहा प्यायलो, यशवंत तलावाभोवती एक चक्कर मारली, परत. आमच्या चहावाल्या दादांनी मात्र सांगितलं, तुम्हाला मजा वाटते, आमच्या पोरांच्या अंगावर काय असतं ते बघा. अंगणात एक पोरगं हाफ पँटवर शेकोटीजवळ बसलं होतं. तिथून पुढं मी कुणाच्याही रीलखाली 'वॉव' लिहिलं नाही, एवढं खरं.

आणि एक गोष्ट. खान्देशात खरंखुरं पांढरं रान कधी दिसतं, ठाऊक आहे? गारपिटीला. २०१४ चा फेब्रुवारी-मार्च आठवा. तुम्ही शाळेत असाल. महाराष्ट्रभर गारा, दिवसेंदिवस. त्यात पण हाच पश्चिमी झंजावात असतो. उत्तरेकडून तो येतो, समुद्राकडची ओलसर हवा त्याला मधे भेटते, आणि उभ्या गव्हावर गारा पडतात. काकाच्या शेतात तेव्हा घोट्याएवढा थर होता. मी शाळकरी, मी त्यात उड्या मारल्या. गारा भांड्यात भरून घरात आणल्या, साखर घालून खाल्ल्या. काका बांधावर बसून होता. त्याने मला रागावलं नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा बर्फात खेळले, तो दिवस तो.

हे मी गुलमर्गच्या त्या काकांना सांगायला हवं होतं. तुम्हाला बर्फाचं काय एवढं, म्हणाले ना ते. सांगायला हवं होतं की तुमच्याकडं जानेवारीत जे पडत नाही, त्याची आमच्या घरात दोन टोकांना दोन माणसं वाट बघतात. एक यावं म्हणून, एक येऊ नये म्हणून. तेव्हा मला हे ठाऊकच नव्हतं. मी आपली पैसे गेले म्हणून फुगून बसले होते.

भरीत पार्टीचं राहिलंच. जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय मानांकन आहे, आपल्या केळीला पण आहे, २०१६ पासून. म्हणजे आपल्याकडं थंडी मागणारी जेवणाची हौस आणि थंडीला भिणारं पीक, दोन्हींना सरकारी शिक्का. मागच्या वर्षी फेब्रुवारीत असोद्याच्या एका मळ्यात भरीत होतं. काट्यांवर वांगी भाजली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कळण्याची भाकरी, सगळं व्यवस्थित. पण घाम! शेकोटीपासून सगळे दहा फूट लांब. एक जण म्हणाला, एसीत बसून खाऊ का? हसलो सगळे. चव होती हो. पण भरीत हे दात वाजत असताना खायचं असतं, यावर मी कोर्टात जाईन.

तर आता काय करतेय मी? पैसे परत साठवतेय. आता फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग करायचं, आणि ते पण बर्फ पडल्यावरच, पूर्ण रक्कम आधी द्यायची नाही, रद्द झालं तर किती परत हे लेखी घ्यायचं. ज्यांना जायचंय त्यांनी एवढं तरी माझ्याकडून शिका. आणि तिथं गेलात की बर्फ असो-नसो, स्लेजवाल्याशी भाव करताना जरा हात सैल सोडा. त्याचा हंगाम आता किती दिवसांचा असेल हे त्यालाही माहीत नाही.

आणि मामाला मी माझ्या मोबाइलमधलं हवामानाचं अॅप दाखवलं. त्यात मी तीन ठिकाणं एकाखाली एक लावून ठेवलीयत: गुलमर्ग, रावेर, साक्री. आता नोव्हेंबर लागला की मामाचा फोन, "त्या तुझ्या गुलमर्गले पडला का वं?" त्याला कळलंय, तिकडं पडला की चार-पाच दिवसांत इकडं पाचोळा गोळा करून ठेवायचा. तेच काकाचं. परवा दोघांचे फोन एकाच संध्याकाळी आले. मी दोघांनाही एकच सांगितलं, शुक्रवारी पडेल असं दिसतंय. मामा म्हणाला, "अरे देवा." काका म्हणाला, "बरं व्हयनं." आणि मी माळ्यावरून बॅग काढून ठेवली.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात आज पहाटे किती गार होतं, ते गावाच्या नावासकट व्हॉइस नोटमध्ये पाठवा. अहिराणीत पाठवा, लेवा बोलीत पाठवा, चालेल. पुढच्या भागात वाजवते. आणि कुणाकडं सात नंबरचे स्कीचे हातमोजे पडून असतील तर तेही सांगा. माझा एक हरवलाय. गवतात.